कुरुंदवाडच्या फुलवाल्या काकांना

काका, सादर नमस्कार.

फोनवर आभार मानायला लागले की तुम्ही ‘असू दे ओ ताई’ म्हणता आणि पावसापाण्याचं बोलायला लागता. म्हणून आज लिहितेय, आणि चारचौघांनी वाचावं म्हणून असं उघड लिहितेय.

मे महिन्यात आईचा सत्तरावा वाढदिवस होता. बाबा जानेवारीत गेले, त्यानंतरचा तिचा पहिलाच. माझी सगळी रजा तेव्हाच संपलेली, मी इकडे टोरांटोत. निदान फुलं तरी पोचावीत म्हणून एका मोठ्या संकेतस्थळावरून गुच्छ मागवला. पैसे लगेच कापले गेले आणि ऐन वेळी निरोप आला की या पिनकोडवर सेवा उपलब्ध नाही. मला रडू कोसळलं. मामेभावानं तुमचा नंबर दिला तेव्हा इथले रात्रीचे साडेनऊ झाले होते, तिकडे वाढदिवसाची सकाळ उजाडलेली, सात वाजलेले. मागे वाडीला जाणाऱ्या गाड्यांचे हॉर्न ऐकू येत होते.

मी गल्ली, बोळ, खुणेचं झाड असा पत्ता सांगायला लागले. तुम्ही मध्येच म्हणालात, “म्हणजे मास्तरांच्या घरी.” पुढे पत्ता सांगावाच लागला नाही.

मला जरबेरा हवा होता. आपल्या शिरोळ तालुक्यात हरितगृहं आहेत, तेव्हा सहज मिळेल असं वाटलं. “मिळंल की,” तुम्ही म्हणालात, “पण ह्या उन्हात मान टाकतंय ते. निशिगंध देतो, चार दिवस घरभर वास ऱ्हाईल.” गिऱ्हाईक महागाचं मागत असताना तुम्ही स्वस्तातलं सुचवलंत. वर दांड्या कशा ठेवायच्या तेही सांगितलंत: पाणी रोज बदलायचं, बुडखा रोज जरासा तिरका छाटायचा, आणि फुलं खालून वर उमलत जातात म्हणून खालची सुकलेली काढत राहायची. आईनं ते सगळं नेमानं केलं. पाचव्या दिवशीही शेंड्याला दोन कळ्या उमलत होत्या.

पण हे पत्र निशिगंधासाठी नाही. फोन ठेवता ठेवता तुम्ही विचारलंत, “संगं गजरा घालू न्हवं?” आणि मी गप्प झाले.

बाबा होते तोवर दर शुक्रवारी फुलपुड्याबरोबर गजरा यायचा, उन्हाळ्यात मोगऱ्याचा, पावसाळ्यात जाईचा. जानेवारीपासून फुलपुडा तेवढा येत होता, देवांपुरता. गजरा बंद करा असं आईनं तुम्हाला सांगितलं नव्हतं. घालू नकोस असं तिला आमच्यातही कुणी म्हटलं नव्हतं. पण घाल असंही कुणी म्हटलं नव्हतं, मीसुद्धा नाही. ते मला आता फार लागतं.

आणि आमचं घर कुठलं? हेरवाडच्या शेजारचं! मे 2022 मध्ये हेरवाडच्या ग्रामसभेनं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र आणि जोडवी काढायची नाहीत. त्याच महिन्यात शासनानं परिपत्रक काढून बाकीच्या गावांनाही तसं करायला सांगितलं. बाबांनी ती बातमी मोठ्यानं वाचून दाखवली होती. आईनं हेरवाडकरांचं तोंड भरून कौतुक केलं होतं. त्याच घरातला गजरा मुकाट्यानं बंद झाला, आणि ते आम्हा मुलांच्या आधी तुमच्या ध्यानात आलं.

मी चाचरत विचारलं, “काका, ती घालेल का आता?”

“न घालू द्यात. देवाला वाहतील. पर आपल्याकडनं खंड का पाडायचा? फुलं काय लग्नात मिळाली हुती व्हय त्यास्नी? ल्हानपणापास्नं घालत आल्यात की.”

दुपारी व्हिडिओ कॉलवर आईनं माझ्यादेखत पुडा सोडला. निशिगंधाच्या दांड्या बाजूला ठेवल्या. खाली केळीच्या पानाची वेगळी पुडी होती, दोऱ्यानं बांधलेली. आत मोगऱ्याच्या घट्ट मिटलेल्या कळ्या, पानाला पाण्याचे थेंब. ती बराच वेळ नुसती बघत राहिली. मग बोटानं एक कळी चाचपून म्हणाली, “हा कुणाला?” मी म्हटलं, “तुला. काकांनी घातलाय.” ती काही बोलली नाही. पुडी तशीच देवघरात ठेवून आली.

दुसऱ्या दिवशी फोन केला तेव्हा ती ओट्याशी पाठमोरी उभी होती. अंबाड्यावर कालचा गजरा होता. कडेनं तांबूस पडलेला, पण होता.

काका, तुम्ही तीनशे वीस रुपये घेतलेत, त्यात गजऱ्याचे धरलेच नव्हते. यापुढे मात्र धरायचे. दर शुक्रवारचा गजरा पुन्हा सुरू झालाय, तो माझ्या खात्यावर लिहीत जा, मामेभाऊ महिन्याच्या महिन्याला चुकते करेल.

आणि आईचा एक निरोप आहे. गेल्या शुक्रवारी दुपदरी होता, एकपदरीच पुरे म्हणते, केस आता तेवढे राहिले नाहीत.

तुमची,
मास्तरांची धाकटी