खडूच्या चौकोनातून समजेल पॅलेस्टिनींचे विस्थापन

संपादक महोदय,

पॅलेस्टिनी कुटुंबांच्या विस्थापनाच्या चित्रफिती महाविद्यालयातली मुले मोबाइलवर रोज पाहतात. पण हे लोक निर्वासित कधी झाले, असे विचारले की बहुतेकांचे उत्तर २०२३ च्या मागे जात नाही. मुंबईत हे शिकवायला उल्हासनगरपासून सुरुवात करावी, असे आम्हाला वाटते.

१९४८ च्या युद्धात सात लाखांहून अधिक पॅलेस्टिनींची घरे सुटली. त्यांच्यासाठी संयुक्त राष्ट्रांनी डिसेंबर १९४९ मध्ये वेगळी मदतसंस्था काढली. त्याच वर्षी कल्याणजवळच्या सिंधी निर्वासितांच्या छावणीला उल्हासनगर हे नाव मिळाले. 'कॅम्प नंबर चार'ला सोडा, असे रिक्षावाल्याला आजही सांगतात. पण तिथली माणसे केव्हाच नागरिक झाली, मतदार झाली, कारखानदार झाली. लेबनॉनमधल्या पॅलेस्टिनींच्या नातवंडांना मात्र अजून नागरिकत्व नाही, अनेक व्यवसाय त्यांना बंद आहेत आणि घर नावावर करता येत नाही. जॉर्डनमध्ये बहुतेकांना नागरिकत्व मिळाले, हेही त्याच तासाला सांगावे. निर्वासित ही नोंद मुलांकडे जाते, म्हणून त्या मदतसंस्थेची १९५० ची साडेसात लाखांची यादी आज सुमारे ५९ लाखांवर गेली आहे.

नंतर बाके बाजूला सारून जमिनीवर खडूने सहा फूट बाय सव्वासहा फुटांचा चौकोन आखावा. आपत्तीत माणशी किमान साडेतीन चौरस मीटर, म्हणजे साधारण ३८ चौरस फूट छप्पर असावे, असा मदतकार्यातला जागतिक निकष आहे. पाच जणांचे १८८ चौरस फूट होतात. आपल्या बीडीडी चाळीतली खोली १६० फुटांची. चौकोनात अंथरूण, स्टोव्ह, कपड्यांची पिशवी आणि १५ लिटरची बादली ठेवायला लावावी. पिणे, रांधणे, अंघोळ, धुणे, सगळे दिवसभर तेवढ्याच पाण्यात. गाझातल्या तंबूंमध्ये अनेकदा एवढेही मिळालेले नाही. हा चौकोन आखल्याशिवाय आकडे सांगूच नयेत.

चुका ठरावीक होतात. गाझातले बहुसंख्य लोक १९४८ च्या निर्वासितांचेच वंशज आहेत, आणि २०२३ नंतर गाझातल्या एकूण लोकांपैकी सुमारे १९ लाख, म्हणजे दहातले नऊ, विस्थापित झाले. निर्वासित आणि विस्थापित यांची बेरीज केली की तोच माणूस दोनदा मोजला जातो. नकाशाचेही तसेच. गाझापट्टीची लांबी ४१ किलोमीटर, जवळपास चर्चगेट ते मीरा रोड, हे कळले की उत्तरेकडच्या अकरा लाखांना इस्रायलने १३ ऑक्टोबर २०२३ रोजी दक्षिणेला जायला सांगितले म्हणजे काय, ते उमगते.

छायाचित्र पुढे पाठवण्याआधी गूगल लेन्सवर टाकून त्याची सर्वांत जुनी तारीख शोधावी. सीरियातली जुनी छायाचित्रे गाझाची म्हणून फिरतात. एक खोटे पकडले गेले की खऱ्यावरचाही विश्वास उडतो.

७ ऑक्टोबर २०२३ ला हमासने केलेल्या हल्ल्याचा प्रश्न मुले विचारणारच. तो टाळू नये: इस्रायलमध्ये सुमारे १,२०० माणसे मारली गेली, सुमारे २५० ओलीस नेली. आणि मराठी ही ज्यांची मायबोली, त्या आपल्या बेने इस्रायली ज्यूंवर कुणी राग काढू लागले, तर चर्चा तिथेच थांबवून इस्रायलचे सरकार आणि इथले ज्यू यांतला फरक आधी समजावावा.

या सगळ्याला दोन तासिका, एक नकाशा आणि खडू पुरतो. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात ते सहज बसेल.

– इतिहासाचे काही अध्यापक, परळ, मुंबई