शिडाची जहाजे आणि गोव्याची ओळख

संपादक महोदय,

नौदलाचे तीन डोलकाठ्यांचे प्रशिक्षण जहाज ‘तरंगिणी’ वास्कोच्या गोवा शिपयार्डमध्ये बांधले गेले आणि २००३-०४ मध्ये ते पृथ्वीप्रदक्षिणा करून आले, हे आपल्या किती मुलांना ठाऊक असते? दिवाडी बेटावर बांधलेले ‘कौंडिण्य’ हे शिडाचे जहाज तर अजिंठ्यातील चित्रावरून घडवलेले. त्याच्या फळ्या खिळ्यांनी ठोकलेल्या नाहीत, तर काथ्याच्या दोरीने टाका टाका करून शिवलेल्या आहेत.

समुद्री चाच्यांच्या गोष्टींचे मलाही लहानपणापासून वेड आहे. परंतु त्याच ओघात कान्होजी आंग्र्यांना चाचा म्हटलेले वाचले, की मन दुखावते. ते मराठा आरमाराचे सरखेल, म्हणजे प्रमुख होते, आणि त्यांनी परवाना न घेणारी जहाजे अडवली म्हणून इंग्रजांनी त्यांना तो शिक्का मारला. वास्तविक सोळाव्या शतकापासून पोर्तुगीजही ‘कार्ताझ’ नावाचा परवाना नसलेली जहाजे पकडतच होते, मात्र त्यांना कोणी चाचे म्हणत नाही.

पणजीच्या धक्क्यावर, जेथे पर्यटक मांडवीतील फेरीसाठी रांगेत ताटकळतात, तेथे या जहाजांच्या प्रतिकृती आणि हा इतिहास मराठी व कोंकणीतून मांडावा, अशी शासनाला कळकळीची विनंती आहे.

आपला,
एक वाचक, पणजी