भुंगेवाल्या मॅडमना

मॅडम,

सप्रेम नमस्कार.

हे चार लोकांसमोर लिहितोय, कारण फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही विषय बदलता आणि पाऊस किती झाला ते विचारता.

आईचे हाल तुम्ही पाहिलेत. मानेवर, पापण्यांवर, कोपराच्या आतल्या बाजूला चट्टे. रात्रभर खाजवायची आणि सकाळी उशीवर रक्ताचे डाग. ज्या डॉक्टरांकडे आम्ही खेटे घातले त्यांनी मलमावर मलम दिलं. बांधावर काय उगवतं हे काही विचारलं नाही. तुम्ही तर किड्यांचा अभ्यास करणाऱ्या. तरी आईला बघितल्या बघितल्या तुम्ही विचारलंत, "गाजर गवत कोण उपटतं?" आईच उपटायची, तेही उघड्या हातांनी, आणि चट्टे त्या गवतानेच उठत होते. आधी तिला त्वचारोगतज्ज्ञांकडे धाडलंत आणि मगच शेताकडे वळलात.

त्या गवतासाठी दरवर्षी साहेबलोक यायचे. ऐन फुलोऱ्यातलं गवत उपटायचं, हातात धरून फोटो काढायचा आणि ढीग रस्त्याकडेला टाकून गाडीत बसायचं. एकेक झाड हजारो बिया धरतं, म्हणजे पुढच्या पावसाची पेरणीच ती. दुकानदाराकडे गेलं की तो तणनाशकाचा डबा पुढे सरकवायचा. गायरानावर, ओढ्याकाठी, शाळेमागे कोण आणि किती फवारणार?

तुम्ही भोकं पाडलेल्या बाटल्यांतून गाजर गवत खाणारे भुंगे आणलेत. वाटाण्यापेक्षा लहान, पांढुरकी पाठ, तिच्यावर काळपट नागमोडी रेघा. १९८३ साली मेक्सिकोहून बंगळुरूच्या संशोधन संस्थेत आणले, तपासण्या करून पुढच्या वर्षी सोडले, हे तुमच्याकडूनच कळलं. पारावरच्या आजोबांना मात्र नवल वाटलं नाही. पूर्वी फड्या निवडुंगाने रानं अडवली होती आणि ती किड्यानेच मोकळी केली, हे त्यांनी वडिलांकडून ऐकलेलं. तुम्ही लगेच सांगितलंत की तो कोचिनील किडा, १९२६ मध्ये श्रीलंकेतून आणलेला. आजोबा त्या दिवसापासून तुमच्या बाजूने.

शेजाऱ्याचं सूर्यफूल होतं, तो भांडायला उठला. तुम्ही काही झाकून ठेवलं नाहीत. कर्नाटकात हे भुंगे सूर्यफुलावर दिसले होते, ओरड झाली, सरकारने समिती नेमली, भुंगे सोडणं काही काळ थांबलं, सगळं सांगितलंत. गाजर गवताचे पराग पानावर पडले तर भुंगा तिथे तोंड लावतो, पण त्याची वीण त्या पिकावर वाढत नाही, हेही त्याला पटेपर्यंत सांगितलंत. आपल्या कामाची उणी बाजू स्वतःहून सांगणारा माणूस आम्ही पहिल्यांदाच बघत होतो.

पण माझ्या मनात घर करून राहिली ती वेगळीच गोष्ट. थंडी सुरू झाली आणि भुंगे दिसेनासे झाले. गावात थट्टा सुरू झाली, "मेले तुमचे पाहुणे." मी फोन केला तेव्हा, "येते," एवढंच म्हणालात. आलात ते सुट्टीच्या दिवशी. खुरपं मागून घेतलंत, बांधाशी उकिडव्या बसलात आणि माती उकरत राहिलात. बऱ्याच वेळाने एक ढेकूळ हातात फोडलंत. आत तो होता, पाय आखडून, मातीनेच माखलेला. तळहातावर घेऊन सगळ्यांना दाखवलात. कुणीतरी तो काडेपेटीत घालून न्यायला निघाला, तर "नको, झोपू दे, पाऊस पडला की उठेल," म्हणालात आणि तो परत त्याच खड्ड्यात ठेवून वर हाताने माती सारलीत. थट्टा करणाऱ्यांना एका शब्दाने टोकलं नाहीत. एका भुंग्यासाठी एवढी निगुती! आमच्या आईला तपासताना कुणी याच्या निम्म्याने सबुरी दाखवली असती तर, असं त्या क्षणी वाटून गेलं. घशात आलं होतं, म्हणून मी खुरपं धुवायच्या निमित्ताने बाजूला झालो.

शिकलेली माणसं पुष्कळ भेटतात. खाली बसून दाखवणारी, "हे मला ठाऊक नाही, बघून सांगते" म्हणणारी आणि खरंच बघून सांगणारी किती? अशा माणसाशी बोललं की आपलाही आवाज खाली येतो, उगाच रेटून बोलावंसं वाटत नाही. गावच्या सभेत हा फरक मला दिसतो.

यंदा पाऊस लागला आणि ते उठले. पानांच्या पाठी अंड्यांनी भरल्या, अळ्यांनी शेंडेच खाल्ले, त्यामुळे बरंच गवत फुलावर आलंच नाही. गायरानात नुसते दांडके उभे आहेत. ओढ्याकडे अजून गवत आहे, तुम्ही म्हणाला होतात तसंच. आईचे चट्टे पुष्कळ बसलेत. लांब बाह्यांचं पोलकं आणि हातमोजे तिने सोडलेले नाहीत, औषधही चालू आहे. परवा ती म्हणाली, "बाईंना कळव, मी रात्रीची झोपते."

आणि एक काम आहे. तो सूर्यफुलवाला शेजारी आता त्याच्या पडीक तुकड्यासाठी भुंगे मागतोय. तुमच्याशी बोलायला लाजतो. आमच्याच गायरानातले धरून दिले तर चालतील का, आणि कधी धरावेत, तेवढं सांगा.

आपला,
खुरपंवाला