असरच्या दोन वेळा

बर्मिंगहॅम

प्रिय बेटा,
अस्सलामु अलैकुम.

परवा फोनवर तू म्हणालास, "अब्बा, आपल्या घरात चालतं ते सगळं कल्चर आहे, दीन नाही." म्हणजे नुसत्या चालीरीती, खरा धर्म नाही. युनिव्हर्सिटीतल्या मुलांनी तुला ते पटवलंय. त्याआधी वर्गात कुणीतरी विचारलं होतं, तू आधी ब्रिटिश की आधी मुसलमान? मला हे सगळे एकाच माळेचे मणी वाटतात. सगळ्यांनाच तुझं उत्तर एका ओळीत हवंय.

त्या मुलांची ओढ मला कळते. आईबापांचा गाव धड पाहिलेला नाही, इथे जन्मूनही 'मूळचा कुठला?' हा प्रश्न सुटत नाही. मग ना गावाचा, ना देशाचा असा निव्वळ धर्म भक्कम वाटतो. पण त्यासाठी काय टाकून देतोयस ते नीट बघ.

मशिदीच्या वेळापत्रकात असरच्या, म्हणजे दुपारनंतरच्या नमाजच्या, दोन वेळा छापतात. आधीची आपली, शाफईंची, उशिराची हनफींची; या सुन्नींमधल्या धर्मनियमांच्या दोन परंपरा. तुझे बहुतेक मित्र हनफी, म्हणून तू लवकर उभा राहिलास की त्यांना नवल वाटतं. आपण कोकणी शाफई आहोत ते अरबांशी चाललेल्या समुद्री व्यापारातून. माहीमचे संत मखदूम अली याच किनाऱ्याचे; त्यांनी कुराणावर अरबीत तफसीर, म्हणजे भाष्य, लिहिली. तुझ्या दादीचा दीन तिथून आलाय. त्याला भेसळ म्हणू नकोस.

ज्यांच्या नावाने आपण शाफई, ते खुद्द इमाम शाफई ७६७ साली गाझात जन्मले. बगदादेत मांडलेली कितीतरी मतं त्यांनी इजिप्तला गेल्यावर बदलली. फिकहच्या, म्हणजे धर्मकायद्याच्या, किताबांत त्यांचं जुनं मत आणि नवं मत आजही वेगळं नोंदवतात. एवढा मोठा इमाम नव्या मुलखात पुन्हा विचाराला बसला, मग तुला आत्ताच कायमचं ठरवून टाकायची घाई का?

२०२१च्या जनगणनेत इंग्लंड-वेल्समध्ये सुमारे ३९ लाख मुसलमान निघाले. त्यांचं मध्यम वय २७, एकूण लोकसंख्येचं ४०. इथला मुसलमान कसा असेल ते तुमचीच पिढी ठरवणार. म्हणून तर मला तुझी काळजी वाटते, आणि तुझ्याकडून आशाही तेवढीच आहे.

ईदला त्या मित्रांना घरी आण. त्यांचं म्हणणं मला त्यांच्याच तोंडून ऐकायचंय. किती जण येणार ते अम्मीला आधी कळव, सांदणांचं पीठ आदल्या रात्री भिजवावं लागतं. मराठी वाचताना कुठे अडलास तर दादीला फोन कर.

तुझे अब्बा