थंडीचे काम अडसर काढण्याचे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

हिवाळ्यात बागकामावरचे लेख येऊ लागले की 'थंडी पडली, आता फुले धरतील' हे वाक्य हमखास वाचायला मिळते. ज्या वनस्पतींना वासंतीकरण, म्हणजे फुलण्याआधी काही आठवड्यांची थंडी, लागते त्यांच्या बाबतीत ते अर्धेच खरे आहे. थंडी तिथे फक्त अडसर काढते. फूल येते नंतर, ऊब आणि बहुधा मोठा दिवस मिळाल्यावर.

हा अडसर म्हणजे काय, ते मोहरीच्या कुळातल्या अरॅबिडॉप्सिस या चिमुकल्या रोपात सर्वांत बारकाईने तपासले गेले आहे. इंग्लंडमधील नॉर्विचच्या जॉन इन्स सेंटर या संशोधन संस्थेतील कॅरोलीन डीन यांच्या गटाचा त्यात मोठा वाटा. या रोपातले एफएलसी हे जनुक चालू असेपर्यंत त्याचे प्रथिन एफटी या जनुकाला दाबून ठेवते. एफटीचे प्रथिन म्हणजे पानातून शेंड्याकडे जाणारा फुलण्याचा निरोप. तो निघतच नाही, म्हणून शेंडा पानेच काढत राहतो.

थंडीत व्हीआयएन३ नावाचे प्रथिन साठू लागते, पण इतके सावकाश की त्याला आठवडे लागतात. शरदातल्या चार गार रात्रींनी रोप फसत नाही ते यामुळेच. पुरेसे साठले की ते पॉलिकोंब प्रथिनांसह (जनुके बंद ठेवणाऱ्या प्रथिनांसह) एफएलसीच्या सुरुवातीच्या छोट्याशा भागावर काम करते आणि तिथल्या एच३ हिस्टोनच्या, म्हणजे डीएनए ज्याभोवती गुंडाळलेला असतो त्या प्रथिनाच्या, 27व्या लायसिन या घटकावर तीन मिथिल गट बसतात. जनुक बंद ठेवण्याची ही रासायनिक खूण. ऊब परतल्यावर ही खूण सबंध जनुकावर पसरते आणि पेशी विभागली तरी टिकते. गंमत अशी, की प्रत्येक पेशीत जनुक एकतर चालू असते किंवा बंद. अर्धवट काही नसते. थंडी अपुरी पडली म्हणजे बंद झालेल्या पेशी कमी पडल्या, एवढाच अर्थ.

पुढच्या पिढीच्या भ्रूणात ही खूण पुसली जाते. थंडीचा हा संस्कार वंशपरंपरेने उतरतो, हा सोव्हिएत कृषितज्ज्ञ लिसेंकोचा दावा म्हणूनच टिकला नाही. डीएनएची अक्षरे तीच राहतात.

गव्हाची व्यवस्था निराळी. तिथे थंडीने व्हीआरएन१ हे जनुक जागे होते, ते व्हीआरएन२ या फुलणे रोखणाऱ्या जनुकाला दाबते आणि मग व्हीआरएन३, म्हणजे गव्हातले एफटी, मोकळे होते. वसंती गव्हात, म्हणजे फुलायला थंडी न लागणाऱ्या वाणांत, बहुधा व्हीआरएन१मध्येच असा बदल झालेला असतो की ते थंडीवाचून चालते. अशा वाणाचे बी शीतपेटीत ठेवून काही साधत नाही.

हिवाळी गव्हाच्या, म्हणजे फुलायला थंडी लागणाऱ्या वाणाच्या, बियाण्याला थंडी द्यायची तर ते आधी भिजवून मोड जेमतेम डोकावू द्यावा, जादा पाणी निथळावे आणि 2 ते 5 अंश सेल्सिअसला 6 ते 8 आठवडे ठेवावे. कोरड्या बियाण्यात पेशींचे काम थांबलेले असते, त्यामुळे थंडी वाया जाते. पाण्यात बुडवून ठेवले तर ऑक्सिजन मिळत नाही. शून्याच्या बरेच खाली नेले तर सगळेच थांबते. थंडी जितकी कडक तितकी चांगली, हा निव्वळ गैरसमज आहे. बाहेर काढल्याबरोबर 30 अंशांच्या वरची उष्णता लागली तर झालेला परिणाम उलटू शकतो, म्हणून पहिले काही दिवस 15 अंशांच्या आसपास काढावेत.

कोबीला मात्र बियाण्यात थंडी देऊन उपयोग नाही. खोड साधारण पेन्सिलीइतके जाड झाल्यावरच रोप थंडीची दखल घेते. सफरचंदाचे 'थंडीचे तास', म्हणजे झाडाला हिवाळ्यात लागणारे गारव्याचे तास, या हिशेबात धरूच नयेत. त्याची फूलकळी आदल्या उन्हाळ्यातच तयार झालेली असते, थंडी फक्त तिची सुप्तावस्था मोडते.

कांद्यात हीच गोष्ट नको असताना घडते. लागवडीच्या छोट्या कांद्यांत सुमारे अडीच सेंटिमीटरपेक्षा जाड कांदे थंडी लवकर पकडतात आणि डेंगळे (फुलांचे दांडे) काढतात. साठवण 5 ते 13 अंशांत झाली की प्रमाण आणखी वाढते. ते शून्याजवळ तरी ठेवावेत, नाहीतर 25 अंशांच्या वर. मधला गारवाच घातक.

आपला,
एक वाचक