छतातल्या स्पीकरची जाळी सुटी मिळायला हवी

मा. संपादक,
सादर नमस्कार.

निवृत्तीनंतर आम्ही उभयतांनी एक मोठी प्रवासी गाडी घेतली आणि आतून बिछाने, ओटा व पाण्याची टाकी बसवून तिची मोटरहोम करून घेतली. ओंकारेश्वर, महेश्वर, मांडू अशा आमच्या फेऱ्या त्या गाडीतूनच होतात. तिच्या छतात बसवलेल्या स्पीकरच्या जाळीमुळे गेल्या वर्षी जो मनस्ताप झाला, तो केवळ आमच्यापुरता नाही असे वाटल्यामुळे हे पत्र लिहीत आहे.

खंडवा रस्त्यावरच्या भेरूघाटाच्या वळणांवर मागच्या बिछान्यावरची जाळी खडखडू लागली होती आणि आवाजही फाटका येत होता. इंदुरातल्याच एका कार्यशाळेत गाडी दाखवली. तिथल्या कारागिराने जाळीच्या कडेखाली चपट्या तोंडाचा पेचकस घालून एका हिसक्यात ती उपसली. जाळीच्या चार खुंट्यांपैकी दोन मुळातून तुटल्या आणि छताच्या रेक्झिनवर तीन बोटे लांब चीर पडली. त्यानंतर आम्हाला सांगण्यात आले की जाळी एकटी मिळत नाही, स्पीकरची नवी जोडीच घ्यावी लागेल. जोडी घेतली. तिची कड जुन्या जाळीपेक्षा अरुंद निघाल्यामुळे छतातल्या भोकाची काळी चंद्रकोर बिछान्यावर आडवे झाले की रोज डोळ्यांसमोर येऊ लागली. अखेर नवी जोडी काढून ठेवली आणि जुने स्पीकर व जुनी जाळी मी स्वतः दुरुस्त करून पुन्हा बसवली.

जाळी कशी धरलेली आहे हे कळल्याशिवाय तिला हात लावू नये, हे मी या कामातून शिकलो. काही जाळ्या खुंट्यांवर दाबून बसवलेल्या असतात, काही बरणीच्या झाकणासारख्या थोड्या फिरवून अडकवलेल्या असतात, तर काहींचे स्क्रू मधल्या नाममुद्रेच्या चकतीखाली दडलेले असतात. फिरवायची जाळी उचकटली तर ती तुटणारच. म्हणून आधी हलक्या हाताने दोन्ही दिशांना फिरवून पाहावे. ती हललीच नाही, तर कडेभोवती छताला कागदी चिकटपट्टी लावून प्लास्टिकची पातळ पट्टी आत सरकवावी आणि एकाच जागी जोर न लावता चारही बाजूंनी थोडे थोडे उचलत जावे. थंडीत सकाळी प्लास्टिक ठिसूळ झालेले असते, त्यामुळे मी केस वाळवायच्या यंत्राची कोमट हवा दोन-तीन मिनिटे देऊन मगच दुसऱ्या बाजूची जाळी काढली आणि तिची एकही खुंटी तुटली नाही.

स्पीकर खाली उतरवण्यापूर्वी गाडीतल्या 12 व्होल्टच्या बॅटरीचे ऋण टोक सोडवून ठेवावे. तारांवर चिकटपट्टी लावून धन-ऋण लिहून घ्यावे, कारण एका स्पीकरच्या तारा उलट जोडल्या गेल्या तर दोन्हींचे खर्जाचे स्वर एकमेकांना मारतात आणि आवाज पोकळ लागतो. जाळीच्या पाठीवर बहुधा प्लास्टिकची जात छापलेली असते. एबीएस असेल तर तुटलेली खुंटी इपॉक्सीने सांधता येते, पॉलिप्रॉपिलिनला मात्र साधा गोंद धरत नाही. आमची जाळी सुदैवाने एबीएसची होती.

आणखी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. जाळी निघाली तेव्हा भोकाच्या कडेच्या प्लायवर चहाच्या डागासारखे तपकिरी कडे दिसले. बोट लावले तर प्लाय दबत होता. वर छतावर हवा खेळण्यासाठी बसवलेल्या झडपेच्या कडेचा सील तडकला होता आणि पावसाचे पाणी आतून वाहत येऊन या सखल जागी मुरत होते. खडखडाट आणि फाटका आवाज यांचे मूळही तेच होते, कारण स्क्रू ओल्या प्लायमध्ये सैल झाले होते. कारागिराने जाळी उपसली तेव्हा हे त्याच्याही समोर होते, पण बिलात फक्त नवी जोडी लिहिली गेली.

इंदुरातल्या सियागंज आणि जेलरोड या दोन्ही बाजारांत मी जुनी जाळी हातात घेऊन फिरलो. दुकानदार ‘साडेसहा इंची’ म्हणून जे पुढे ठेवतात, त्याची बाहेरची कड, भोकाचा व्यास आणि स्क्रूंमधले अंतर प्रत्येक कंपनीचे निराळे असते. ही तिन्ही मापे आणि छताआडची खोली लिहून नेली नाही, तर फेरी वाया जाते.

केंद्र सरकारने डिसेंबर 2022 मध्ये दुरुस्तीच्या अधिकाराचे, म्हणजे वस्तूंच्या दुरुस्तीची माहिती ग्राहकाला देणारे पोर्टल सुरू केले, त्यात वाहनांचाही समावेश आहे. मात्र मूळ गाडीवर नंतर चढवलेल्या अंतर्गत सजावटीची माहिती ग्राहकाला कोणी द्यायची, हा प्रश्न आमच्यासारख्यांच्या वाट्याला तसाच उरतो. माझी मागणी छोटी आहे. मोटरहोम बांधून देणाऱ्यांनी गाडी ताब्यात देताना छतातल्या प्रत्येक जाळीचे माप आणि ती काढण्याची रीत एका कागदावर लिहून द्यावी, दोन जाळ्या जास्तीच्या द्याव्यात, आणि शक्य तिथे खुंट्यांऐवजी बाहेरून दिसणारे स्क्रूच वापरावेत. स्क्रू दिसले तर शोभा कमी होते असे मला सांगण्यात आले. ज्यांना त्या छताखाली झोपायचे आहे, त्यांना निदान हे विचारून तरी घ्यावे.

आपला नम्र,
एक वाचक, इंदूर