हू फेंगची पत्रं

प्रिय अभिजित,
सप्रेम नमस्कार.

"क्रांती नुकतीच झालेली असताना शत्रूंचा बंदोबस्त करावाच लागतो," हे तुझं वाक्य काही केल्या डोक्यातून जात नाही. १९५०-५१ मध्ये चीनमध्ये 'प्रतिक्रांतिकारकां'विरुद्ध जी मोहीम निघाली, तिच्यात सरकारच्याच हिशेबाने ७ लाख १२ हजार माणसं मारली गेली. माओने दर हजारी एक असं प्रमाणच घालून दिलं होतं. आधी आकडा ठरवायचा, मग माणसं शोधायची. याला बंदोबस्त म्हणायचं?

पण मला सांगायचंय ते हू फेंगचं. हा कवी आणि समीक्षक, आधुनिक चिनी साहित्याचा अग्रणी लेखक लू शून, त्याच्या निकटच्या वर्तुळातला. १९४९ मध्ये नव्या राजवटीचं आणि माओचं स्तोत्र गाणारी दीर्घ कविता त्याने लिहिली होती. म्हणजे तो तर आपलाच माणूस! साहित्याला साच्यात कोंबू नका, एवढंच त्याचं म्हणणं. तेही त्याने १९५४ साली तीन लाख अक्षरांचं निवेदन लिहून थेट कम्युनिस्ट पक्षाच्या केंद्रीय समितीकडेच दिलं. लपूनछपून काही नाही.

मग शू वू या त्याच्या जुन्या मित्राने हू फेंगची खासगी पत्रं पुढे केली. मे १९५५ मध्ये 'पीपल्स डेली' या पक्षाच्या मुखपत्रात त्यांतले उतारे छापून आले. पाठोपाठ इतरांची पत्रंही आली, आणि त्यांवरची टिपणं खुद्द माओची. एखाद्या वरिष्ठ लेखकावरचा वैताग, थट्टा, रागाच्या भरातली एखादी ओळ... मित्रापाशी मोकळं केलेलं मन कटाचा पुरावा ठरलं. दोन हजारांवर लोक चौकशीत ओढले गेले, ९२ जणांना अटक झाली. हू फेंगची पत्नी मेई झीसुद्धा सुटली नाही.

त्याच महिन्यात बीजिंगला लेखक-कलावंतांची मोठी सभा भरली. एकामागून एक वक्ता धिक्कार करत होता. लू यिंग नावाचा सौंदर्यशास्त्रज्ञ उठला, व्यासपीठावर गेला आणि म्हणाला, हा विचारांचा प्रश्न आहे, राजकीय गुन्हा नव्हे. बोलणं पुरं व्हायच्या आत त्याला खाली ओढलं. पुढे १९६९ मध्ये तो श्रमछावणीत मेला.

हू फेंगला शिक्षा सुनावली तीच १९६५ मध्ये, दहा वर्षांनी. तो सुटला १९७९ ला, वारला १९८५ ला, आणि पूर्ण निर्दोष ठरला १९८८ ला. शू वूचा मला राग येतो, पण मित्राची पत्रं मागणाऱ्या आणि ती छापणाऱ्या सत्तेचा जास्त येतो.

लू यिंग कुणाचा शत्रू होता, तेवढं उलट टपाली कळव.

तुझा,
मकरंद